बिनवासाचं घर

दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगली गोष्ट तयार होते, असा माझा बरीच वर्षं समज होता. श्रीखंड आणि पुरीच्या बाबतीत तो खरा निघाला, म्हणून मी तो बाथरूमपर्यंत नेला. घरात ब्लीचिंग पावडर होती. सायकलला कॅन लटकवून ‘फिनेल, अ‍ॅसिड’ ओरडत फिरणाऱ्या माणसाकडून घेतलेली अ‍ॅसिडची बाटलीही होती. एक जंतू मारते, दुसरी डाग काढते. दोन्ही एकदम टाकल्या तर जंतू आणि डाग एकाच वेळी शरण येतील, असा विचार करून मी आधी पावडर पसरली, वर बाटली उपडी केली आणि मोठ्या कौतुकानं खाली वाकून बघितलं.

शरण मीच आलो. फरशीवरून हिरवट पिवळा वाफारा उठला. डोळ्यांत मिरचीची पूड गेल्यासारखं झालं आणि घशात कुणीतरी काथ्या फिरवायला लागलं. मी बनियनवरच बाहेर पळालो आणि घाईत बाथरूमचं दार उघडंच राहिलं. बायको, पोरं आणि मी जिन्यात खोकत उभे राहिलो. सगळ्यांच्या शेवटी, भिंतीला धरत, आक्का बाहेर आली.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवलं तिनं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात ती एकटी राहायची. पाऊसकाळात चुलीचा धूर आणि भिंतींची ओल यांनी तिची छाती भरून यायची. दमा होता तिला. श्वास घेतला की आत बारीक शिट्टी वाजायची, दूरच्या घरात कुकर लागल्यासारखी. गावच्या डॉक्टरांनी तिला आता भावाकडे जा म्हणून बजावलं होतं. भाऊ म्हणजे मी, आणि माझं घर म्हणजे कोपरखैरण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तो तिला पसंत पडतो का ते बघायला ती दिवाळीआधी आली होती. सोबत पत्र्याची पेटी आणि तिच्यात लाल फडक्यात बांधलेले आमच्या घरच्या देवांचे चांदीचे टाक. देव जिथं राहतील तिथं आपण राहणार, असं तिचं सरळ गणित होतं. तिच्या स्वागतासाठीच तर मी बाथरूम चकाचक करायला घेतलं होतं.

डॉक्टरांकडे तिला इंजेक्शन मिळालं आणि मला बोलणी. खिडक्या उघड्या होत्या म्हणून थोडक्यात निभावलं, ते म्हणाले. ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो, आणि अशी माणसं मला दर दिवाळीला भेटतात. आपण एकटेच नाही हे ऐकून मला जरा बरं वाटलं, पण मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आक्का मात्र पुन्हा वर चढली नाही. सोसायटीच्या आवारातल्या बाकड्यावर पेटी मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशीची गाडी धरेपर्यंत ती शेजारच्या सेक्टरमधल्या आमच्या गाववाल्यांकडे झोपली. निघताना म्हणाली, “बाळू, तुजं घर लई झ्याक हाय रं. पर हितं माणसानं श्वास कुटं घ्यायचा?”

*

आजही पितृपंधरवडा संपत आला की मला ते वाक्य आठवतं. इमारतींच्या गच्च्यांवर गोधड्या दिसायला लागतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, ही आमच्याकडची रीत. गावाकडे ओढ्यावर बायकांची जत्रा भरायची. घरातली प्रत्येक चिंधी धुतली जायची, आणि खडकांवर, झुडपांवर, बांधांवर रंगीबेरंगी लुगडी आणि वाकळा पसरल्या की एरवी दगडधोंड्यांचं ते शिवार लग्नघरासारखं दिसायचं. शहरातलं भाजी मार्केट इकडे हललं तेव्हा आमच्यासारखे जे त्याच्या मागून आले, त्यांनी ओढा काही सोबत आणला नाही; पण धुणं आणलं. खाडीवरचा खारा वारा गोधड्या वाळवत नाही, नुसत्या फुगवतो. त्या वाळतील या आशेवर आम्ही बसून राहायचो.

त्या दिवसांत प्रत्येक जिन्याला एक वास असायचा. तळमजल्यावर फिनेल, पहिल्यावर अ‍ॅसिड, दुसऱ्यावर डांबरगोळ्या, आणि तिसऱ्यावर या तिन्हींचं संमेलन. त्या वासाचा मला अभिमान होता. वास जितका जास्त, तितकं घर स्वच्छ. पाहुण्यानं दारातच नाक चिमटीत धरलं की यजमानाचा ऊर भरून यावा. आता विचार केला की गंमत वाटते. गावाकडच्या शेणानं सारवलेल्या, उन्हानं तापलेल्या घराला कसला वास होता? मला आठवत नाही. श्वास घेताना विचार करावा लागत नव्हता, एवढंच आठवतं.

आक्का गावी परतली त्या दिवसापासून माझी बायको, मंगल, माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. माझं लग्न झालं तेव्हा तिला घरात आणणारी, चुलीपुढं बसवून भाकरी शिकवणारी, आणि भाकरी बिघडली तरी गावाला न कळू देणारी वन्सं होती ती. त्या वन्संनी आपल्या दारातून बाकड्यावर जाऊन बसावं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. पावसाळ्यात गावाकडून निरोप आला की आक्काची छाती पुन्हा भरली आहे आणि एक रात्र तिनं बसूनच काढली. त्या दिवशी मंगलनं मोरीतल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि मला सांगितलं की वन्सं यंदा घटाला इथं येणार, आणि त्या येतील तेव्हा या घरात यातलं काहीही नसेल.

मी विचारलं, मग घर धुणार कशानं?

तिनं माझ्याकडे बघितलं. “तुम्ही मार्केटात कशाच्या गाळ्यावर बसता?”

मी लिंबांच्या गाळ्यावर कारकून होतो.

*

त्या सीझनचा वास मला विचाराल तर लिंबाचा. बाजारात लिंबाचा भाव उतरला होता. मऊ पडलेली, साल काळवंडलेली लिंबं गाळ्याच्या कोपऱ्यात ढिगानं पडायची. शेठना विचारून मी ती पोत्यात भरायला लागलो. बसच्या कंडक्टरनं पहिल्या दिवशी पोत्याकडे बघितलं, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. मार्केटातल्या माथाडी दोस्तांची आपापसात कुजबुज सुरू झाली. शेवटी आमच्याच गावाकडच्या एकानं मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं की घरात कुणाला बाहेरचं काही झालंय का, कारण त्याच्या ओळखीचा एक चांगला देवऋषी होता. मी म्हटलं, बाहेरचं नाही, बाथरूमचं झालंय. त्याची काळजी वाढली.

घरात मंगलचा कारखाना सुरू झाला. अर्धं लिंबू खाण्याच्या सोड्यात बुडवायचं आणि नळ घासायचा. पांढऱ्या पाण्याच्या डागांनी आंधळे झालेले आमचे नळ असे उजळले की दाढी करताना मी आरशाऐवजी नळात बघू लागलो. ज्या दुकानातून चायनीजच्या गाड्यावाले व्हिनेगर नेतात, तिथून तिनं मला बाटल्या आणायला लावल्या. पावसात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली होती. तोंडाला पदर बांधून, खिडक्या सताड उघड्या टाकून, तिनं ती व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं पुसून काढली. मी मदतीच्या भावनेनं कोरडा झाडू घेऊन धावलो तर तिनं तो काढून घेतला. कोरडं झाडलं की बुरशी उडते आणि ज्याची छाती नाजूक त्याच्या छातीत जाऊन बसते, असं तिचं म्हणणं होतं. या घरात आता काहीही उडणार नाही, ती म्हणाली. त्यात माझाही समावेश असावा.

तरी एक गोष्ट उडाली. सोडा चांगला, व्हिनेगर चांगलं. मी दोन्ही एका बाटलीत घातली आणि टिकाऊ व्हावं म्हणून झाकण घट्ट लावलं. मंगल गच्चीवर होती. झाकण पंख्याच्या पात्यावर टण्णकन आदळलं, छतावर फेसाची रांगोळी उमटली, आणि मी सवयीनं जिन्यात पळालो. या वेळी धूर नव्हता, वास नव्हता, कुणी खोकत नव्हतं. नुसता फेस. खाली आलेल्या मंगलनं छताकडे बघितलं आणि मला समजावलं की हे दोन एकत्र आले की एकमेकांनाच संपवतात, उरतं ते साधं पाणी. आणि कोंडलं की फुटतात. नवरा-बायकोसारखं, असं मी म्हणणार होतो, पण तिच्या हातात ओलं फडकं होतं.

गच्चीवरचं दृश्य मात्र मी कधी विसरणार नाही. रात्रभर भिजवून उकळलेल्या रिठ्यांचं पाणी मोठ्या घमेल्यात, आणि त्यात आमच्या गोधड्या तुडवत असलेली मंगल. साडीचा काष्टा मारलेला, पोटऱ्यांपर्यंत तपकिरी फेस, मागं आभाळ स्वच्छ झालेलं आणि पारसिकच्या डोंगराची हिरवी पाठ. मीही उतरलो घमेल्यात. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की काय होतं हे मला लगेच समजलं. पण पायाखाली गोधडीचा मऊ, जड, जुना स्पर्श होता. आईच्या लुगड्याची ती गोधडी आक्कानंच शिवलेली. क्षणभर मला वाटलं, आपण ओढ्यात उभे आहोत आणि आक्का वरच्या खडकावरून ओरडतेय, बाळू, पाय नीट चालव.

डांबरगोळ्यांची हकालपट्टी झाली. कपाटात कडुनिंबाचा वाळवलेला पाला गेला. देवघरातली पितळेची समई चिंचेनं घासली, ती नव्या नवरीसारखी पिवळीधम्मक झाली. दर संध्याकाळी मंगल घराच्या मधोमध डोळे मिटून उभी राहायची आणि मोठा श्वास घ्यायची. मग दार उघडायची, आणि जिन्यातून फिनेलचा भपकारा आत यायचा.

*

तीच खरी अडचण होती. आक्का काही खिडकीतून येणार नव्हती. तीन मजल्यांचा जिना चढून, धापा टाकत, म्हणजे नेहमीपेक्षा मोठे श्वास घेत येणार होती. आणि जिन्यावर राज्य होतं म्हात्रे मामींचं.

मामी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. इथल्याच गावच्या. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी होती तिथं त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या बांधावर राहतो असंच त्या मानायच्या. मामा सोसायटीचे चेअरमन, पण जिन्यात काय ओतायचं ते मामी ठरवायच्या. आपल्या दारापुढं त्यांनी स्वखर्चानं पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या, आणि त्यावर पाण्याचं लोखंडी पिंप ठेवून एक तांबूस गंजाचं कडं उमटवून घेतलं होतं. दर शनिवारी त्या कड्यावर अ‍ॅसिड पडायचं. टाइल्समधलं सिमेंट निघून गेलं, मामींच्या बोटांची सालं निघाली, पण कडं पुन्हा डोकं वर काढायचं.

मंगलनं त्यांना आक्काचं सगळं सांगितलं आणि घट बसेपर्यंत जिन्यात फिनेल आणि अ‍ॅसिड नको म्हणून विनंती केली. मामी कळवळल्या, पण हटल्या नाहीत. म्हणाल्या, “मना येरी समजतंस का गो? लिंबानं मासली धुतात, गंज नाय धुवत.”

मंगल म्हणाली, आजची रात्र मला तुमचं कडं द्या. पिंप हलवा. सकाळी ते दिसलं तर मी स्वतः तुम्हाला अ‍ॅसिड आणून देईन, आणि वन्संना येऊ नका म्हणून कळवीन.

एवढं बोलून ती घरात आली. तेव्हा मला कळलं की तिनं आमचं सगळंच त्या कड्यावर लावलं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्या कड्यावर जाड मीठ पसरलं, लिंबं पिळली, रस वाळू नये म्हणून पिळलेल्या फोडी त्यावरच गोल उपड्या मांडल्या, आणि झोपलो.

आता सुज्ञ वाचकानं विचार करावा. पितृपंधरवडा. शनिवारची सकाळ. अर्धवट उजाडलेला जिना. चेअरमनच्या दारापुढं मिठाचं रिंगण, आणि रिंगणावर कापलेली लिंबं.

दूधवाला सर्वात आधी आला. पिशव्या तिथंच जिन्यावर ठेवून तो मागच्या मागं उतरला. वरच्या मजल्यावरचे एक बँकेतले गृहस्थ ऑफिसला निघाले होते. ते रिंगण बघून अर्ध्या जिन्यात थबकले आणि परत वर गेले. मग खालून माणसं आली. कुणी ओलांडेना, कुणी हात लावेना. जिन्यात गर्दी झाली, आणि उताऱ्याचं ज्ञान प्रत्येकाकडे किती सखोल असतं ते मला त्या दिवशी समजलं. एक जण फोडी मोजत होता. दुसरा सांगत होता की तोंडं खाली आहेत, म्हणजे काम कच्चं नाही. मी दाराच्या फटीतून बघत होतो. मंगल म्हणाली, जा, सांगा त्यांना. मी बाहेर गेलो आणि सांगितलं की ही लिंबं मी ठेवली आहेत. वाक्याची सुरुवात चुकली. पुढचं ऐकायला कुणी जागेवर राहिलं नाही. सगळे दोन पायऱ्या मागं सरकले.

तेवढ्यात म्हात्रे मामींचं दार उघडलं. मामींनी गर्दीकडे बघितलं, रिंगणाकडे बघितलं, कमरेला पदर खोचला आणि सरळ उकिडव्या बसल्या. एक फोड उचलून त्यांनी मिठावर घासायला सुरुवात केली. पाठीमागून कुणीतरी “मामी, हात नका लावू” म्हणालं, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मंगल तांब्याभर पाणी घेऊन गेली. मामींनी ते ओतलं, हातानं पुसलं, आणि मान वाकडी करून बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, बाजूला झाल्या, आणि गर्दीला टाइल दाखवली.

कडं नव्हतं. पांढऱ्या टाइलवर सकाळचा उजेड पडला होता आणि त्यात मामींचा स्वतःचा चेहरा दिसत होता.

“ही करनी हाय?” मामी म्हणाल्या. “मंग आशी करनी माज्या आख्ख्या घरान कर गो, मंगल.”

त्या दिवशी आमच्या जिन्यातून फिनेल गेलं. मंगलनं आमच्या घरी करून दाखवल्याप्रमाणं कोमट पाणी, थोडा रिठा आणि फडकं यांवर जिना पुसला जाऊ लागला. मला मात्र सगळ्या विंगसाठी लिंबं आणावी लागली. बँकेतले गृहस्थ तर रोज संध्याकाळी खाली गेटपाशी माझी वाट बघत उभे राहायचे.

*

घटाच्या आदल्या दिवशी आक्का आली. पेटी तिनं खालीच, बाकड्यावर ठेवायला लावली. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबत होती. शिट्टी वाजत होती. मंगल एक पायरी मागं, तिच्या पाठीशी हात धरून, पण हात न लावता चालली होती. दारात आक्का थांबली आणि नाक वर करून हुंगलं. मी श्वास रोखला, जणू माझाच वास लागेल.

“कसलाच वास न्हाय रं,” ती म्हणाली. “झाडून तरी घेतलंय का?”

मग तिनं खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, कपाटामागं वाकून बघितलं, गोधडी उचलून तोंडाला लावली आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली. बाथरूममध्ये ती गेली तेव्हा आम्ही दोघं बाहेर परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होतो. ती बाहेर येऊन खाटेवर बसली. हळूहळू शिट्टी बारीक झाली. आक्कानं मला खालून पेटी आणायला सांगितलं.

सकाळी परडीत माती पडली, गहू पेरले गेले, घट बसला. चिंचेनं घासलेली समई पेटली. लाल फडकं सुटलं आणि टाक विड्याच्या पानांवर मांडले गेले. आक्कानं पेटीतून धूपाची पुडी काढली आणि मंगलपुढं निखाऱ्यासाठी हात केला.

मंगलनं निखारा दिला नाही. “वन्सं, या घरात धूर नाही.”

आमच्या घराण्यात आक्काला नाही म्हणणारं माणूस अजून जन्मलं नव्हतं, आणि तेही देवीच्या समोर. आक्कानं मंगलकडे बघितलं. मंगल खाली बघत नव्हती.

“देवीला काय वाटंल?” आक्का म्हणाली.

“देवीला दमा नाही. तुम्हाला आहे. ती समजून घेईल.”

आक्कानं पुडी पुन्हा गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि झेंडूच्या फुलांना हात घातला. ते नऊ दिवस आमच्या घरात फक्त फुलांचा आणि ओल्या मातीचा वास होता. गव्हाचे कोंब वर येत होते, पिवळे, मग पोपटी, आणि आक्का त्यांच्यापुढं बसून ओव्या म्हणत होती. पहिल्या दिवशी एका ओवीला दोनदा थांबायची. माळ चढत गेली तशी ती थांबायची कमी झाली, आणि शेवटी शेवटी तिनं असा आवाज लावला की म्हात्रे मामी समोरून येऊन दारात बसल्या आणि त्यांच्या बोलीत दुसरी ओवी जोडू लागल्या.

आक्का आजही आमच्याकडेच आहे. गॅलरीत बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते, आणि मी कुठलीही बाटली घेऊन घरात शिरलो की आधी तिच्या हातात द्यावी लागते. पण मला आठवते ती त्या दसऱ्याची दुपार. घट उठले होते. पेटी उघडी पडली होती, आणि टाक परत फडक्यात बांधले जाणार की देव्हाऱ्यात जाणार, ते कुणी विचारत नव्हतं. जेवून उठल्यावर आक्कानं टाक एकेक करून आमच्या देव्हाऱ्यात ठेवले, लाल फडकं धुवायला टाकलं, आणि म्हणाली, “बाळू, ती पेटी माळ्यावर टाक. वाटंत येतीया.”

मी पेटी माळ्यावर टाकून खाली उतरलो तेव्हा आक्काला गोधडीवर झोप लागली होती. सरळ, आडवी होऊन, उशीला न टेकता. मंगल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. या सगळ्या विजयात लिंबांचा, म्हणजे पर्यायानं माझा, वाटा किती मोठा आहे हे मी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि विचारलं, काही ऐकू येतंय का.

मी आक्काकडे कान दिला. पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. नाही, मी म्हटलं.

“मग तेच ऐका,” ती म्हणाली. “आणि बाथरूमकडे एकटे जाऊ नका.”